खुर्चीभंगाची कैफियत

समस्त वाचकमंडळी हुजूर, बखरनवीसाचा मुजरा. आमचे शेजारी राजश्री चालकराव, बसचालक, यांचे खुर्चीवरून पतन जाहले, त्या दिवसापासून गल्लीत नाना वावड्या उठल्या. कोणी बोलिले की चालकरावांचे वजनच ऐसे की लोखंड असते तरी वाकते, कोणी बोलिले की खुर्ची कसली, अख्खे टेबल मोडिले, आणि कोपऱ्यावरील इस्त्रीवाला तर दुकानाची फरशीच खचली ऐसे गिऱ्हाइकांस सांगता जाहला. ऐसियास खरे वर्तमान लिहून ठेवावे, नाही तर हे लोक उद्या इमारत कोसळली म्हणावयासही कमी करणार नाहीत, हे मनात आणोन आम्ही लेखणी हाती धरिली. आम्ही त्यांचे खालचे मजल्यावर राहतो आणि भिंती पातळ आहेत, सबब जे लिहितो ते पाहून, ऐकून आणि थोडेसे अंदाजाने लिहितो. अंदाज कोठे चालविला हे वाचकांनी विचारू नये.

चालकराव म्हणजे अदबीची पराकाष्ठा. बस हाकिता हाकिता एकाएकी ब्रेक दाबावा लागला तर आरशात पाहोन समस्त उतारूंस "माफ करा हं" म्हणावयाचे, आणि सायकलवाला आपल्याच चुकीने आडवा येऊन वर शिवी देऊन गेला तर त्यासही "माफ करा" म्हणावयाचे, आणि घरी कोणाचा चुकीचा फोन आला तर हेच माफी मागोन, वर त्यास बरोबर नंबर शोधून देऊ काय ऐसे पुसावयाचे. त्यांच्या कुटुंबाचा, म्हणजे आमच्या वहिनीसाहेबांचा, स्वभाव याचे अगदी उलट. मनात आले ते जिभेवर आले, आणि हसू आले तर ते सातमजली आले. ऐसी ही जोडी सुखाने नांदत असता जेवणाचे टेबलास नव्या खुर्च्या घ्याव्या ऐसी मसलत घरात निघाली आणि तेथून पुढील सर्व अनर्थ ओढवला.

वहिनीसाहेबांचे धाकटे बंधू मेहुणेराव, ज्यांस दुनियेतील समस्त दुकानांची खडानखडा माहिती, त्यांनी कौल दिला की अमुक फर्निचरचे दुकानी सेल लागला आहे, डोळे मिटून घ्या. मग खासा स्वारी निघाली, आणि दुकानी डेरेदाखल होताच गळ्यात टाय बांधलेला विक्रेता सामोरा आला, आणि खुर्च्यांची रांग दाखवोन बोलिला, "साहेब, बसून तर बघा. उठावंसं वाटणार नाही." मग चालकराव बसले. बसताक्षणी खुर्चीचा मागील डावा पाय फितूर जाहला, मग उजव्यानेही त्याची कास धरिली, आणि चालकराव थेट भुईस पावले. विक्रेत्याचे भाकीत तेवढे खरे ठरले, कारण त्यांस उठता म्हणोन येईना. दुकानातील गिऱ्हाइके हसली, टायवाला तोंड फिरवून हसला, आणि सर्वांत मोठ्याने हसल्या त्या वहिनीसाहेब. ऐशा हसल्या की भिंतीचा आधार घ्यावा लागला.

डॉक्टरांनी फोटो काढोन निदान केले की माकडहाडास तडा गेला आहे, बसणे वर्ज्य, बस चालविणे तर दूरची गोष्ट. आता शरीरात इतकी हाडे असता चारचौघांत नाव घेता येत नाही नेमके तेच मोडावे, ही दैवाची थट्टाच म्हणावयाची. डेपोतून साहेबांचा फोन आला की कोठे लागले, तेव्हा चालकराव "कमरेच्या जरा खाली" इतुकेच बोलोन विषय हवापाण्यावर नेते जाहले. बसची गादी दुसरे चालकाकडे गेली. चालकराव फ्रिजवर ताट ठेवोन उभ्याने जेवू लागले, आणि उभ्याने पेपर वाचू लागले, आणि घरात कोणी आले तरी उभ्यानेच स्वागत करू लागले, तेणेकरोन पाहुण्यासही वाटे की आपण निघावे अशीच यांची इच्छा दिसते.

परंतु हाडाचे दुःख ते हाडापाशी. खरे शल्य निराळेच होते आणि ते आम्हास छतातून स्पष्ट ऐकू आले.

"तू हसलीस."

"हसले. पण का हसले ते तरी ऐकून—"

"राहू दे."

पुन्हा दोन दिवसांनी वहिनीसाहेब तोंड उघडीत, पुन्हा चालकराव पंजा वर करीत, आणि पुन्हा "राहू दे." ऐसा संसारात शीतयुद्धाचा अंमल बसला. चालकरावांचे मनाने घेतले की आपली बायको आपल्या वजनास हसली, चारचौघांत हसली, आणि आता खुर्चीच कच्ची होती हे कोणा अधिकारी माणसाने लिहून दिल्यावाचोन आपली अब्रू या घरात परत येत नाही. आणि आम्ही लिहून ठेवितो की पुढील सर्व मोहीम झाली ती याच एका ओळीसाठी.

मग चालकरावांनी दुकानदारास अत्यंत सभ्य खलिता धाडिला, की आपणास तसदी देतो याबद्दल क्षमस्व, तथापि आपली खुर्ची मोडली आणि आमचे हाडही. त्याचे उत्तर आले ते वाचोन अंगाचा तिळपापड व्हावा. मजकूर ऐसा की आमची खुर्ची भक्कम होती, आपला देह तिजला सोसवला नाही, शिवाय पडताक्षणी आपण स्वमुखे "माफ करा" ऐसे बोलिलात, म्हणजे चूक आपलीच हे आपणच कबूल केलेत, तरीही मोठ्या मनाने आम्ही आपणास एक नवी खुर्ची मोफत देऊ करतो, येऊन घेऊन जावी. ज्यास बसताच येत नाही त्यास खुर्ची! चालकरावांनी ते पत्र वाचले, घडी केली, आणि आयुष्यात प्रथमच कोणाची माफी न मागता म्हणाले, "वकील गाठायचा."

वकिलांचा पत्ता मेहुणेरावांनीच दिला. या गृहस्थाने दुकानही सुचवावे आणि दुकानावर खटला घालण्यास वकीलही सुचवावा, याचे आम्हास नवल वाटले. पण ते थोडे ओशाळलेले दिसत, आणि आपल्या घरी कोणास बोलावीनासे जाहले होते, त्याचे कारण पुढे उघडकीस आले. वकीलबाईंची कचेरी एका दातांच्या दवाखान्याचे वर. खाली कोणी किंचाळले की वर मसलत थांबे, आणि मग पुन्हा सुरू होई. वकीलबाई चष्मा कपाळावर चढवोन बोलिल्या, "बसा." चालकराव उभे. "अहो, बसा ना." तरी उभे, आणि चेहरा ऐसा की आपण मोठी बेअदबी करितो आहोत. तेव्हा बाईंच्या ध्यानी आले, आणि त्या स्वतः उठोन खिडकीपाशी उभ्या राहिल्या, आणि मग वहिनीसाहेबही उठल्या, आणि मेहुणेरावही, ऐसा अवघा दरबार उभ्या उभ्याच भरला.

वकीलबाईंनी पुसिले की तुम्हाला नक्की हवंय काय. चालकराव बोलिले, "पैसे मिळाले तर बरंच आहे, पगार अर्धा येतोय. पण खुर्ची कच्ची होती, एवढं लिहून पाहिजे." बाई हसल्या नाहीत हे त्यांचे मोठेपण. बोलिल्या, "पैसे काढणं सोपं आहे हो. दुकानदार विमा कंपनीच्या खिशात हात घालतो आणि मोकळा होतो. चूक आमची, असं मात्र कोणी लिहून देत नाही." चालकराव बोलिले, "माफ करा, पण मला तेच पाहिजे." मग बाईंनी वकीलपत्रावर सही घेतली आणि फर्मान सोडिले, की आजपासून गनिमाकडील कोणाशी बोलणे नाही, कोणास माफी मागणे नाही, आणि काही झाले तरी कोणासमोर बसणे नाही. पहिले फर्मान चालकरावांनी महिनाभरही पाळिले नाही, दुसरे तर बाईंची पाठ वळताच जिन्यात एका रोग्यास धक्का लागून मोडले, आणि तिसऱ्याची कथा आता सांगतो.

एके दुपारी विमा कंपनीचे तपासनीस दारी उभे राहिले. मनुष्य मिठ्ठास, केस चापून बसविलेले, हाती चामड्याची पिशवी. गनिमाचा माणूस म्हणोन दार लावून घ्यावे की नाही? परंतु चालकरावांनी "या, या, उन्हातून आलात" म्हणोन आत घेतले, आणि वहिनीसाहेबांनी पाणी आणिले, आणि मग "बसा" म्हटले, तेव्हा त्या मुत्सद्द्याने ऐसा डाव टाकिला की त्यास तोड नाही. तो बोलिला, "तुम्ही उभे असताना मी कसा बसू? आधी तुम्ही बसा, मग मी."

आता सांगा, भल्या माणसाने काय करावे! पाहुणा उन्हातून आलेला, ताटकळत उभा, आणि आपण बसल्याशिवाय तो बसत नाही. चालकरावांनी एकवार वहिनीसाहेबांकडे पाहिले, एकवार छताकडे पाहिले, आणि बसले. मग तपासनीस बसले, आणि चहा आला, आणि त्यांनी बसगाड्यांची चौकशी मांडिली, की इंजिन कोणते, घाटात गिअर कोणता, उतारू फार त्रास देतात काय, आणि मग "वहिनी, चहा फक्कड झालाय" म्हणोन आणखी एक कप मागविला. चालकराव हसतमुखाने उत्तरे देत होते आणि कपाळावरून घामाची धार लागली होती. तपासनीस निघाले तेव्हा चालकराव जागचे न हलता केवळ हात जोडिते जाहले. मग काय, तपासनिसांनी अहवाल लिहिला, की अर्जदार आमचेसमोर चहा पीत, गप्पा मारीत, आरामात बसून होते, आणि आम्ही निघालो तरी उठण्याचेही सौजन्य त्यांनी दाखविले नाही.

वकीलबाईंनी तो अहवाल वाचला तेव्हा खालचे दवाखान्यातील रोग्यांचे किंचाळणे वरून उत्तर मिळाल्यासारखे थांबले. "अहो, सांगितलं होतं ना बसू नका म्हणून!" चालकराव बोलिले, "तो उभाच राहिला हो. माफ करा." बाईंनी कपाळावरील चष्मा काढोन टेबलावर ठेविला.

यथाकाळी कोर्टाची तारीख लागली. न्यायाधीशसाहेब स्थूलसे, शांत, पंख्याचे खाली बसोन सर्वांचे ऐकून घेणारे. दुकानदार स्वतः हजर, वयाने साठीचे, पाठीला बाक, आणि त्यांचा वकील मोठा तरबेज. साक्षीदाराचे पिंजऱ्यात चढता चढता चालकरावांचा पाय कारकुनाचे बुटावर पडला, तेव्हा त्याची माफी मागितली, आणि शपथ घेताना खोकला आला म्हणोन न्यायाधीशांची मागितली. मग गनिमाचे वकिलाने तोफ डागली, की पडल्यावर आपण "माफ करा" म्हणालात की नाही, हो किंवा नाही इतकेच सांगा. चालकराव बोलिले, "म्हणालो असेन. माफ करा." कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशसाहेबांनी काही टिपोन घेतले, आणि वकीलबाई प्रथमच खुर्चीत टेकून बसल्या.

मग तपासनिसांची साक्ष जाहली, आणि अहवाल वाचला गेला, आणि आरामात हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारिला. आमचे पक्षाचे तोंडचे पाणी पळाले. तेव्हा वकीलबाईंनी वहिनीसाहेबांस पिंजऱ्यात बोलाविले. वास्तविक वहिनीसाहेबांस बोलावू नये ऐसे चालकरावांनी निक्षून सांगितले होते, की ती हसेल. वहिनीसाहेब हसल्या नाहीत. त्या थेट तपासनिसांकडे वळोन बोलिल्या, "आमच्याकडे मीटर बघायला येतो ना, तो माणूस निघाला तरी हे त्याला जिन्यापर्यंत सोडायला जातात. लग्न झाल्यापासून बघतेय, आमच्या घरून कोणी एकटं दाराबाहेर पडलेलं नाही. आणि त्या दिवशी तुम्ही निघालात, तर हे उठले नाहीत. तुम्हाला वाटलं, उद्धट माणूस आहे. अहो, त्यांना उठताच येत नव्हतं! तुम्ही खाली उतरलात, मग मी आणि खालच्या भाऊजींनी धरून उठवलं. पांढरे पडले होते. आणि तेव्हाही मला म्हणतात कसे, पाहुण्याला दारापर्यंत सोडता आलं नाही, काय म्हणेल तो."

ते खालचे भाऊजी म्हणजे आम्ही. चालकरावांची एक बाजू आमचे खांद्यावर होती आणि त्यांचे अंग थरथरत होते, हे आम्ही कोर्टातही सांगितले आणि येथेही लिहितो. तपासनिसांनी मान खाली घातली. इकडे चालकराव आपल्या कुटुंबाकडे असे पाहात राहिले की जणू हीस आज प्रथमच पाहिली, पण शल्य अजून जागचे जागी होते.

हाड मोडले हे ठरले. गनीम हे ताडोन मधल्या सुट्टीत तहाची बोलणी घेऊन आला, की रक्कम भरघोस देतो, औषधपाणी, बुडालेला पगार, वर आणखी काही, फक्त कागदावर "कोणाचीही चूक न मानता" इतके चार शब्द राहतील. वकीलबाई बोलिल्या, घ्या, यापेक्षा जास्त मिळायचं नाही. मेहुणेराव बोलिले, डोळे मिटून घ्या. वहिनीसाहेब बोलिल्या, "तुम्हाला वाटेल ते करा. मी आहे." चालकराव भिंतीस हात टेकोन उभे होते. ते बोलिले, "माफ करा, पण नको." मग वकीलबाई मेहुणेरावांकडे वळल्या आणि पुसत्या जाहल्या की आता खुर्चीचा पुरावा आणू कोठून, दुकानदार म्हणतो मोडकी खुर्ची भंगारात गेली, आणि तसलीच दुसरी कोणापाशी आहे काय. तेव्हा मेहुणेरावांचा चेहरा पडला आणि पोटातले ओठांवर आले, की त्याच सेलमधील तसल्याच चार खुर्च्या त्यांचेही घरी आहेत, दोन आधीच मोडल्या, तिसरीस सुतळी बांधली आहे, आणि भावजींस ते दुकान आपणच सुचविले या लाजेने ते आजवर गप्प होते. वहिनीसाहेबांनी बंधुराजांस जे सुनावले ते बखरीत लिहिण्यासारखे नाही. रिक्षा धाडिली आणि चौथी खुर्ची कोर्टात हजर केली.

खुर्ची दिसावयास सुबक, पॉलिश लखलखीत. न्यायाधीशसाहेबांनी पाहिली, गनिमाचे वकिलाने दोन बोटांनी हलवून "भक्कम आहे" ऐसे सांगितले, आणि दुकानदार पिंजऱ्यात उभे राहोन घटकाभर तेच सांगत राहिले, की आमचा माल एक नंबरचा, आजवर तक्रार नाही. बोलता बोलता बिचारे दमले, पाठीचा बाक वाढला, आणि कठड्यास धरोन धापा टाकू लागले. वकीलबाई पुढील प्रश्नाची तजवीज करीत होत्या. इतक्यात चालकरावांना राहवेना. वृद्ध मनुष्य उभ्याने दमतो आहे आणि शेजारी खुर्ची रिकामी, हे त्यांचे डोळ्यांस पाहवेना, आणि समोरचा गनीम आहे याचा त्यांस साफ विसर पडला. ते लंगडत पुढे जाहले, खुर्ची उचलोन पिंजऱ्यापाशी नेली, हाताने पुसली, आणि अगदी मनापासून बोलिले, "दमलात हो काका तुम्ही. बसा, बसा जरा."

आणि दुकानदार दोन पावले मागे सरले आणि ओरडले, "नको नको! ह्या खुर्चीवर नको!"

न्यायाधीशसाहेब सौम्यपणे बोलिले, "का हो? एक नंबरचा माल आहे ना? बसा की." दुकानदारांनी खुर्चीकडे पाहिले, आपल्या वकिलाकडे पाहिले, आणि बोलिले, "मी उभाच बरा आहे साहेब." मग न्यायाधीशांनी गनिमाचे वकिलास बसावयास सांगितले, तेही उभेच बरे होते. मग तपासनिसांकडे पाहिले, तर ते दाराबाहेर पाणी प्यावयास गेले होते. चालकरावांस काय घडले ते अजून उमजले नव्हते, ते बिचारे खुर्ची धरोन "माफ करा, दुसरी आणू का" ऐसे पुसत होते.

निकाल जाहला. मजकूर ऐसा, की सदर खुर्ची सदोष होती आणि दोष विकणाऱ्याचा होय, अर्जदाराचे वजन चारचौघांसारखेच आहे, अर्जदाराने माफी मागितली ती सवय होय, कबुली नव्हे, आणि सबब भरपाई देववावी. भरपाईची रक्कम तहात देऊ केली होती तीहून थोडी कमीच निघाली, हे वकीलबाईंनी दोनदा दाखवून दिले. चालकरावांनी त्यांचे आभार मानिले आणि माफीही मागितली. पुढे हाडही यथावकाश सांधले, आणि डेपोने गादी परत दिली, पण ते पुढचे.

त्याच दिवशी संध्याकाळी चालकरावांनी घरी येऊन निकालाचा कागद उघडिला, फ्रिजपाशी उभे राहिले, आणि ती ओळ मोठ्याने वाचिली. मग पुन्हा वाचिली. मग म्हणाले, "ऐकलंस? चारचौघांसारखं. आता हस."

"मी तुमच्या वजनाला हसलेच नव्हते," वहिनीसाहेब बोलिल्या.

चालकरावांचा पंजा सवयीने वर गेला, आणि या वेळी तो तसाच खाली आला.

"मग कशाला हसलीस?"

"तुम्ही पडलात. हाड मोडलं. डोळ्यांत पाणी आलं तुमच्या. आणि त्या तुटक्या खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवून तिला म्हणालात, माफ कर हं, लागलं का? अहो, तिला! हसू नको तर काय करू? असा माणूस आहे माझा, म्हणून हसले. इतके दिवस सांगू देताय कुठे."

आम्ही स्टुलावर चढोन छतास कान लाविला, हे कर्तव्य म्हणोन. मग चालकरावांचा आवाज आला, हळू आणि थोडा फुटका, "माफ कर." आणि मग वहिनीसाहेब हसल्या, तशाच सातमजली, आणि मागोमाग चालकरावही हसले, आणि हसता हसता "आई गं" ऐसे ओरडले, कारण हाड अजून कच्चे होते, तरी हसावयाचे थांबले नाहीत.

येणेप्रमाणे खुर्चीवर फत्ते जाहली. चालकरावांनी आजवर उतारू, सायकलवाले, कारकून, न्यायाधीश आणि फर्निचर मिळोन किती जणांची माफी मागितली त्यास गणती नाही, परंतु जिची मागावयाची होती तिची मागितली ती ही पहिलीच, हे आम्ही जातीने ऐकले आणि येथे नमूद केले.